रंगीत खोका

"नले, त्या खोक्यांना हात लावू नकोस. लांब उभी राहा. अजून लांब."

आई असं म्हणाली तेव्हा मी खोक्यांना हात लावलेलाच नव्हता. नुसती बघत होते. पण आमच्या घरात माझं बघणंसुद्धा धोक्यात धरायचे. आम्ही वडूजच्या कासार आळीतले रासने. पिढ्यान् पिढ्या बायकांना बांगड्या भरणारे. अशा काचेच्या घरात माझ्यासारखी पोर म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर, असं आमची गोदूआत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

ओसरीवर दोन लाकडी खोके भरून तयार होते. एकात हिरवा चुडा, दोऱ्यांनी बांधून मापामापाने लावलेला. दुसऱ्यात रंगीत माल. म्हणजे जोड नसलेल्या, उरल्यासुरल्या बांगड्या, लग्नघरातल्या पोरीटोरींच्या हौसेला. आप्पा निंबोड्याला निघाले होते, खराड्यांच्या वैजयंताचा चुडा भरायला. एरवी आत्या बरोबर जायची, खोके उचलायला, साबणाचं पाणी कालवायला. पण नेमका आदल्या दिवशी तिचा पाय मुरगळला. आता बघा, जी बाई जन्मात कुठं अडखळली नाही ती लंगडत होती, आणि मी धडधाकट उभी होते.

"नलूला नेतो मी," आप्पा म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला. "अहो, चुडा भरायला निघालाय की चुरा करायला?"

"खोके मी उचलीन. ती नुसती शेजारी बसेल."

"बसल्या जागी काय कमी करते ती?"

आप्पांनी बशीत चहा ओतला आणि बशी तोंडाला लावली, तेवढ्यात थोडा चहा धोतरावर सांडला. आईनं लगेच माझ्याकडं बघितलं. "दिलास ना धक्का?"

मी चांगली चार हात लांब, खांबाला टेकून उभी होते. "हो," मी म्हणाले. सवयच होती. घरात काही सांडलं, पडलं, तडकलं की मी आधी हो म्हणून टाकायची आणि मग काय झालं ते बघायची.  आप्पा धोतर झटकून उठले.

माझ्यासाठी घरात वेगवेगळे शब्द होते. आई धसमुसळी म्हणायची, कारण माझा हात लागला की कडी निखळायची. आत्या वेंधळी म्हणायची, कारण मी चालायची एकीकडं आणि बघायची दुसरीकडं. आप्पांचा शब्द धांदरट, कारण मला दम म्हणून निघायचा नाही. तिन्ही खरे होते, भांडणार कुणाशी? आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, आदल्या दिवाळीत आत्याचा प्रफुल्ल पुण्याहून आला आणि एक इंग्रजी शब्द घेऊन आला. त्यानं माझ्याकडं लाडू फेकला, मी तो सोडला, लाडू रांगोळीत. "हॅ! बटरफिंगर!" तो ओरडला. दिवसभर रेडिओवर कॉमेंटरी ऐकायचा मेला.

मग सगळ्यांनी त्या शब्दाचा कीस पाडला. प्रफुल्ल म्हणाला, ज्याच्या हातून कॅच सुटतो तो. आत्या म्हणाली, म्हणजे बोटांना लोणी फासलेली, काही धरताच येत नाही अशी. आई म्हणाली, म्हणजे आयतं लोणी खाणारी, काम नको म्हणून मुद्दाम सांडणारी. आप्पांनी सुपारी कातरता कातरता सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"मग कासाराला बरंच की," ते म्हणाले. "आम्ही बांगडी सरकावी म्हणून साबण लावतो. हिला तोही खर्च नाही."

सगळे हसले. मीही हसले. पण आत कुठंतरी लागलंच होतं. आप्पांना मुलगा नव्हता, त्यांच्यामागं हे काम करायचं तर मीच. आणि मी आईच्या हातावर शिकायला बसले की तिच्या मनगटाला चिंध्या बांधायची पाळी यायची.

एक सांगायचं राहिलं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणायचं. तेल सांडलं, कुंकू पुसलं, बांगडी फुटली, असले शब्द कासाराच्या तोंडी यायचे नाहीत. पण शब्द कितीही गोड करा, चुडा भरताना नवऱ्या मुलीच्या हातात बांगडी वाढली की लग्नघर गप्प होतं. म्हाताऱ्या एकमेकींकडं बघतात. पुढं त्या पोरीच्या संसारात भाजी करपली तरी तिथपर्यंत नेऊन जोडतात. आणि त्या घरात तो कासार परत पाऊल टाकत नाही. आप्पांच्या हातून नवरीची बांगडी कधीही वाढली नव्हती. आमच्या घरात सोनंनाणं नव्हतं, एवढी एकच गोष्ट होती. तेवढ्यावर आसपासची सगळी गावं आप्पांची वाट बघायची. आता बाजारपेठेत चंदू पोफळेनं काचेची दारं लावून नवीन दुकान थाटलं होतं, आणि तो येत्या-जात्या बाईला सांगायचा, "रासन्यांचा म्हातारा थकला आता. कशाला लेकीबाळींचं नशीब पणाला लावता?"

निंबोड्याला एसटीनं उतरलो. आप्पांनी दोन्ही खोके स्वतः उचलले, मला फक्त साबणाची डबी दिली. ती मी एकदाच पाडली, आणि तीही मातीत, म्हणून काही झालं नाही.

खराड्यांचं घर माणसांनी भरलेलं. माजघरात सतरंजी टाकून बायका बसल्या होत्या, मधे पाटावर वैजयंता. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी, गव्हाळ, गालावर हळद, आणि डोळे असे की हसू आत कोंडून ठेवलंय. तिची थोरली काकी दाराशीच उभी होती. त्या घरात पान हलायचं ते तिच्या शब्दानं.

"या आप्पा. ही कोण? गोदूबाई कुठायत?"

"ही माझी लेक, नलू. आत्याचा पाय मुरगळलाय."

"अगं बया, हीच का ती?" काकीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी कीर्ती एसटीच्या आधी पोचली होती. "बस गं बाई. पर जपून बस. सतरंजी फाटंल न्हायतर."

बायका खिदळल्या. मी आप्पांच्या मागं, उजवीकडं बसले. आप्पांनी हिरवा खोका आपल्या उजव्या गुडघ्याला लावून ठेवला, म्हणजे माझ्या अगदी पायाशी. रंगीत खोका त्याच्या पलीकडं, भिंतीकडच्या पाटावर. मी पाय पोटाशी घेऊन बसले होते, श्वाससुद्धा मोजून सोडत होते.

आप्पांचं काम बघायला मला फार आवडायचं. ते हात धरून ओढायचे नाहीत. हाताशी बोलत बसायचे. "बांगडी जोरानं जात नाही, नले," मला सांगायचे, "बाईला माहेरचं विचारावं. माहेराचं नाव निघालं की हात आपोआप सैल पडतो." आणि खरंच, कुणी कितीही आखडून बसो, आप्पांनी "तुमच्याकडं यंदा हरभरा कसाय?" म्हणून विचारलं की बाई सांगायला लागायची, आणि सांगून होईतो बांगड्या मनगटात.

वैजयंता अजून माहेरीच होती. तिला आप्पांनी विचारलं, "वैजे, म्हैस सोडवेल का गं तुला?"

"म्हैस न्हाय सोडणार आप्पा. नवऱ्याला सांगितलंय, म्हशीसकट न्यायचं असलं तर ने."

बायका हसल्या, आप्पांनी उजवा हात भरून टाकला. मग डावा घेतला. डाव्यात एक बांगडी जास्त भरायची, ती शेवटची, आप्पा स्वतःकडून घालत. तिला पैसे नाहीत. ती कासाराचा आशीर्वाद. तोवर कार्यक्रम निम्मा झाला म्हणून बायकांचं लक्ष उडालं होतं. कुणी जावयाच्या मानपानाचं काढलं, कुणी आत चहाला ओरडली, काकी दाराशी कुणाला तरी झापत होती.

मी मात्र आप्पांच्या हाताकडं बघत होते. डावा हात भरत आला होता. आणि मला त्यांचा अंगठा दिसला.

तो थरथरत होता. थोडा थांबायचा, परत थरथरायचा. आप्पांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला, जणू वैजयंताचा हात दाबताहेत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सकाळचा चहा माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि त्याआधीचं बरंच काही. गेले कित्येक दिवस ते सुपारी कातरायचे बंद झाले होते. देवाला वात लावायची ती आईला सांगायचे. मीच बावळट, दुसरीकडं बघत होते.

"आप्पा, मी..." मी पुटपुटले.

"गप," ते हळूच म्हणाले.

त्यांनी शेवटची बांगडी घेतली. बोटांवरून सरकवली. अंगठ्याच्या सांध्याशी आली. तिथं आप्पांचा हात उडाला.

टक्.

एवढासा आवाज. माझ्या कानात मात्र केवढा तरी झाला. वैजयंताच्या अंगठ्याशी रक्ताचा ठिपका आला. तिनं खाली बघितलं. आप्पांनी वर बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. शाळेत गणित चुकलेल्या पोराचा असतो ना, तसा. दाराशी काकी वळत होती. "झालं का हो आप्पा?" म्हणत होती.

मी उठले. आणि माझा पाय अडकला, मी तोल जाऊन भिंतीकडं कोसळले, आणि रंगीत खोका पाटावरून उलटून खाली आला.

आता काय सांगायचं! लाल, पिवळ्या, जांभळ्या, सोनेरी, सगळ्या बांगड्या फरशीवर. काही घरंगळत चुलीपर्यंत गेल्या, काही जागीच वाढल्या. चहा घेऊन येणारी बाई किंचाळली. पोरं काचांकडं धावली, त्यांच्या आया पोरांकडं धावल्या. मी त्या सगळ्याच्या मधे उताणी, पायात एक जांभळी बांगडी अडकलेली.

"अगं ए भवाने!" काकी गरजली. "हिरव्या वाढल्या का? आधी ते बघा! हिरव्या?"

"नाही, नाही," आप्पा म्हणाले.  "हिरव्याला धक्का नाही."

"वैजे, तुला काय लागलं का? रक्त कसलं गं ते?"

 वैजयंताची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. तिनं एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी अजून फरशीवरच होते.

"काय न्हाय काकी," ती म्हणाली. "हिची काच उडून लागली."

मग आप्पांनी मला जे झापलं! सगळ्या बायकांसमोर. धांदरट, वेंधळी, धसमुसळी, आईचा शब्द, आत्याचा शब्द, होते नव्हते तेवढे सगळे. प्रफुल्लचा इंग्रजी शब्दसुद्धा सोडला नाही. निंबोड्याच्या बायकांना तो कळला नाही, पण आप्पांच्या तोंडून आला म्हणजे भारी शिवी असणार असं धरून त्यांनी च्-च् केलं. मी मान खाली घालून काचा वेचत होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि ते खरं होतं.

"ऱ्हाऊ द्या आता," काकी म्हणाली. लग्नघरात जास्त आरडाओरडा तिलाही नको होता. "डाव्यातली एक ऱ्हायलीय न्हवं? ती घाला आन् सुटा."

आप्पांनी खोक्यातून दुसरी हिरवी बांगडी काढली. त्यांच्या बोटांत ती आता उघड उघड हलत होती. अजून कुणी बघितलं नव्हतं. आणखी एक खोका पाडायला माझ्याकडं नव्हता.

"आप्पा," वैजयंता म्हणाली, "ही हिलाच घालू द्या."

"कुणाला?"

"नलूला. एवढं सगळं पाडलंय, एक तरी धड घालून दाखव म्हणावं. शिक्षाच हाय ती."

बायकांना ही गंमत फार आवडली. "व्हय, व्हय! घालू द्या! बघू तरी!" कुणी म्हणाली, "वैजे, विमा काढलायस का गं?" काकीचं तोंड वाकडं झालं होतं, पण नवरीच्या शब्दाला त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. आप्पांनी बांगडी माझ्या हातात दिली.  मी वैजयंतापुढं बसले, तेव्हा तिनं फक्त मला दिसेल अशी मूठ उघडून त्यातले हिरवे तुकडे पदराखाली सोडले. साबण लावला. डबी परत पाडली. परत हसले सगळे.

मी तिचा हात धरला. धरला म्हणजे दाबलाच, आणि तो आखडला. माझा धसमुसळेपणा. मग आप्पांचं आठवलं.

"वैजाताई," मी म्हणाले, "म्हशीचं नाव काय हो?"

तिला हसू आलं. "चंद्री."

"दूध देते का नुसतीच मानाची?"

"अगं, लाथच मारती ती! माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत न्हाय. माझा दादा एकदा बसला धार काढायला, तर बादली एकीकडं आन् दादा..." ती सांगत राहिली. सांगता सांगता ती गोठ्याच्या दिशेनं बघायला लागली, कारण चंद्री तर इथंच राहणार होती. आणि त्याच क्षणी तिचा हात लोण्यासारखा झाला. बांगडी सांध्यावरून उतरली आणि बाकीच्यांत जाऊन बसली. मला कळलंसुद्धा नाही.

"अगं बया," काकी म्हणाली. "गेली की!"

वैजयंता पाटावरून उठली आणि रीतीप्रमाणं कासाराला वाकून नमस्कार केला. आधी आप्पांना. मग माझ्याही पाया पडायला वाकली, मी घाबरून मागं सरकले आणि साबणाच्या पाण्याच्या तांब्याला पाय लागला. तोही गेला.

परतीच्या एसटीला वेळ होता. फाट्यावर चिंचेखाली आम्ही बसलो.  मला वाटलं, आता इथं एकट्यात खरी बोलणी खायची. त्यांनी हिरवा खोका उघडला. एकेक बांधणी बघितली, झाकण लावलं. मग रंगीत खोका उघडला. आत नुसता चुरा.

"नले, हिरवा खोका कुठं होता?"

"तुमच्या गुडघ्याशी."

"म्हणजे तुझ्या पायाशी."

"हं."

"आणि रंगीत?"

"पलीकडं. भिंतीशी. पाटावर."

"मग पाय अडकायचा तर हिरव्यात अडकायला हवा होता. हिरवा ओलांडून तू रंगीतावर पडलीस. नुसती पडली नाहीस, उडी मारलीस."

 एक बैलगाडी गेली, तिच्यातल्या माणसानं आप्पांना रामराम घातला. आप्पांनी घातला. गाडी लांब गेली तेव्हा म्हणाले, "धांदरट माणूस खोका निवडून पाडत नाही, नले."

मला रडू आवरलं नाही. "तुमचा चेहरा बघवेना मला, आप्पा. दुसरं काही सुचलंच नाही हो. मला सांडण्याशिवाय येतं काय?"

त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. लपवला नाही. अंगठा थरथरत होता, चिंचेच्या पानासारखा. "गुढीपाडव्यापासून असं होतंय," ते म्हणाले. "तुझ्या आईला माहीत नाही. मला वाटलं, एवढी लग्नसराई निघून जाईल." मग म्हणाले, "मी तुला सगळ्यांसमोर फार बोललो गं."

"ते बरंच झालं की. नाहीतर कुणाला खरं वाटलं असतं?"

यावर ते मोठ्यानं हसले. मी आप्पांना त्या वर्षात तसं हसताना बघितलं नव्हतं.

"आता ऐक. उद्यापासून चुडा तू भरायचास. मी शेजारी बसून म्हशींची चौकशी करीन."

"आप्पा, माझ्या हातून वाढतील."

"वाढू देत. मी आधीच सांगून ठेवीन, पोर शिकतेय, धांदरट आहे, सांभाळून घ्या. शिकाऊ पोरीच्या हातून वाढली तर लोक हसतात. म्हाताऱ्याच्या हातून वाढली तर घाबरतात. कळलं?"

कळलं. घरी गेल्यावर आईनं चुरा बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आप्पा तिच्या देखत मला "बटरफिंगर" म्हणाले आणि मान वळवून, तिला दिसणार नाही असं, एक डोळा मिटला. तेव्हापासून तो शब्द आमचा झाला. जिथं जाऊ तिथं आप्पा मोठ्यानं सांगायचे, "आमची नलू म्हणजे जन्माची धांदरट हो," आणि मी खाली मान घालून साबण कालवायची. लोकांना वाटायचं, किती सोसते बिचारी. मला कुणी शालजोडी पांघरल्यासारखं वाटायचं. बांगड्या सुरुवातीला वाढल्याच. मग कमी वाढल्या. मग लोक म्हणायला लागले, हात बापाचा आलाय पोरीला. चंदू पोफळेनं पुढं मोबाइलचं दुकान काढलं, त्याचंही बरं चाललंय.

मी आळीतच लग्न करून राहिले, आप्पांच्या घरापासून हाकेवर. आई गेली, आत्या गेली. आप्पा खूप थकले. शेवटी शेवटी दोन्ही हात थांबेनात, तेव्हा मी त्यांना माझ्या घरी, लेकासुनेत, आणलं. चहा मीच पाजायची त्यांना.

एक दिवस दुपारी वैजयंता आली. बऱ्याच वर्षांनी. अंगानं भरलेली, केसांत पांढरं, डोळे तेच. मुलीच्या चुड्याचं आमंत्रण घेऊन. ती आप्पांच्या पाया पडली आणि समोर बसली. मी कप आप्पांच्या हातात देऊन खालून धरला होता, पण त्यांनी तिला बघून हात उचलला आणि कपभर चहा धोतरावर.

"अगं बाई, माझ्या हातून सांडला," मी म्हणाले. सवयच ती.

आप्पांनी वैजयंताकडं बघितलं. आवाज बारीक झाला होता, पण खट्याळपणा गेला नव्हता. "बघ वैजे. अजून तशीच आहे धांदरट. तुझ्या चुड्यालाही हिनं असाच घोळ घातला होता. काच उडून लागली होती तुला. आठवतं?"

"आठवतंय की," वैजयंता म्हणाली. "पर एक सांगा आप्पा. हिनं पाडल्या त्या लाल-पिवळ्या. मग मला लागली ती काच हिरवी कशी?"

 तिची ती मिटलेली मूठ मला ठाऊक होती, पण आप्पांना मी कधी सांगितली नव्हती. त्यांना बापड्यांना इतकी वर्षं वाटत होतं, वैजयंतालाही माझीच काच लागलीसं वाटलं असेल आणि हे फक्त आम्हा बापलेकीत आहे.

"तुला ठाऊक होतं?" आप्पांनी विचारलं.

"हात माझा होता, आप्पा. मला न्हाय ठाऊक असणार तर कुणाला?"

"मग बोलली का नाहीस गं पोरी? चुड्यातली बांगडी..."

"काय बोलायचं त्यात? तुमचा चेहरा मीबी बघितला की." तिनं पदरानं आप्पांच्या धोतरावरचा चहा टिपला. "आन् काय वाईट झालं माझं? पोरंबाळं, घरदार, सगळं चांगलं झालं. नवरा तेवढा धांदरट निघाला. पर तो हिच्यापुढं काहीच न्हाय."

आप्पा हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले, हात आणखीच थरथरायला लागले, आणि कप त्यांच्या मांडीवरून सुटला. मी धरायला धावले. वैजयंता धावली. दोघींच्या हातांतून निसटून कप फरशीवर गेला.

"बटरफिंगर," आप्पा म्हणाले. "दोघीही."

"काय झालं गं? काय पडलं?" आतून माझी सून ओरडली.

"काही नाही," मी म्हणाले. "कप वाढला."